बिवलकर मॅडमचं पॉइंट टू-टू

बिवलकर मॅडम शिक्का मारायच्या तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या चहावर तरंग उठायचे. दुबईच्या बर दुबई भागातल्या त्या कन्सल्टन्सीत मी नवा इंजिनिअर म्हणून लागलो त्या दिवशी मला वाटलं, पार्टिशनपलीकडे कुणीतरी खिळे ठोकतंय. डोकावून बघितलं तर पन्नाशीच्या एक बुटक्या बाई, कॉटनची साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि उजव्या हातात 'रिसीव्ह्ड'चा रबरी शिक्का. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "पुण्याचा का? मग ड्रॉइंग उलटं ठेवलंयस ते कळायला हवं होतं."

त्या आमच्या डॉक्युमेंट कंट्रोलर होत्या. साइटवर जाणारा आणि साइटवरून येणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. कुठल्या ड्रॉइंगची कितवी आवृत्ती कुणाच्या टेबलावर पडून आहे, हे त्यांना कॉम्प्युटरच्या आधी माहीत असायचं. घरीसुद्धा त्यांची तीच सवय. भाजीत मीठ कमी पडलं तर त्या म्हणायच्या, "थांबा, रेव्हिजन वन आणते."

आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, अल मनखूलला. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्यावर दोन जणांबरोबर. त्यांचे मिस्टर अबुधाबीत नोकरीला, तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारी पहाटे जायचे ते गुरुवारी संध्याकाळी उगवायचे. मुलगी मिहिका बारावीत. तिच्याशी मॅडम मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दोन हजार आठच्या शेवटी आमच्या टॉवरचं काम थांबलं. आधी क्रेन थांबली, मग बिलं थांबली, मग एका रविवारी एचआरच्या जेसीने लिस्ट लावली. अकरा नावं. नववं नाव शालिनी बिवलकर. माझं नव्हतं, आणि त्या दिवशी मला कुणाच्याच डोळ्यांत बघवेना. मॅडमनी मात्र नोटिशीचा कागद हातात घेतला, तारीख तपासली, त्यावर स्वतःच 'रिसीव्ह्ड' असा दणकून शिक्का मारला आणि कॉपी फाइलला लावली.

आता गंमत अशी, की त्याच आठवड्यात गुरुवारी आमचा 'टीम डे' होता. उन्हाळ्यात, कंपनीकडे पैसा उतू जात असताना ठरवलेला, आगाऊ पैसे भरलेला. आणि ठरवलेला कुठे? तर शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात. पिस्तुलांनी नेमबाजी आणि नंतर बुफे.

जेसीने क्लबला फोन केला. पैसे परत मिळणार नव्हते. आमचे जनरल मॅनेजर मिस्टर हद्दाद, उंचेपुरे लेबनीज गृहस्थ, केबिनमध्ये कपाळाला हात लावून बसले. ज्या अकरा जणांना रविवारी काढलं, त्यांच्या हातात गुरुवारी भरलेलं पिस्तूल द्यायचं? त्यांनी मीटिंग घेतली आणि अतिशय हळुवार आवाजात विचारलं, की सध्याच्या परिस्थितीत हा कार्यक्रम रद्द करावा असं कुणाला वाटतं का.

मॅडमनी हात वर केला. "सर, पेड आहे ना? मग जायचं. नोकरी गेली, गुरुवार नाही गेला."

आणि आम्ही गेलो. बसमध्ये आधी स्मशानशांतता होती. मग आमचा ऑफिस ड्रायव्हर तांबे, राजापूरचा, लिस्टीत सातवा, मोठ्याने म्हणाला, "मॅडम, साहेब आपल्या गाडीने वेगळे येतायत. बुलेटप्रूफ आहे काय बघा तरी." तिथून जे हसू सुटलं ते क्लबच्या गेटपर्यंत थांबलं नाही.

क्लबमध्ये उस्मान नावाचा सुदानी उस्ताद होता. निवृत्त फौजी, काळा कुळकुळीत, आवाज मात्र बाळाला झोपवणाऱ्या बाईसारखा. त्याने नियम सांगितले. पिस्तूल नेहमी समोर. बोट चापावर फक्त नेम धरल्यावर. मागे वळायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मिस्टर हद्दाद दोन पावलं मागे सरकले आणि जाड काचेच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

मॅडमच्या हातात चौदा नंबरचं पिस्तूल आलं. पॉइंट टू-टू. सगळ्यात लहान गोळीचं, नवशिक्यांना देतात ते. मॅडमनी ते नीट समोर धरलं, दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. 'टक्' असा आवाज आला, पापड मोडल्यासारखा. शेजारच्या लेनमध्ये तांबे अजून गोळ्या भरत होता. त्याने समोर बघितलं आणि ओरडला, "अरे! माझा दहा आला! मी मारलंच नाही अजून!"

उस्मान हसत हसत मॅडमच्या मागे आला. "श्वै श्वै, ममा. सावकाश. श्वास घे. अर्धा सोड. मग थांब. मग बोट."

मॅडमनी श्वास घेतला. अर्धा सोडला. टक्. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात भोक. परत. टक्. जरा वर. पाचवी गोळी काळ्या गोलात, मधल्या आकड्याला चाटून गेली. मॅडमनी पिस्तूल खाली ठेवलं, कानावरची झाकणं काढली आणि त्या भोकाकडे बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "वीस वर्षं लोकांच्या कागदांवर शिक्के मारले रे. भोक पाडायचा चान्स आज मिळाला."

मग त्यांना काचेमागे उभे असलेले साहेब दिसले. त्या सरळ दार उघडून गेल्या. "सर, कम! डोन्ट वरी. ऑल बुलेट्स आर काउंटेड. उस्मानभाईंनी मोजून दिल्यात. नॉट वन एक्स्ट्रा फॉर यू!"

मिस्टर हद्दाद लाल झाले, मग त्यांच्या तोंडातून एक विचित्र आवाज फुटला, आणि ते भिंतीला टेकून इतके हसले की डोळे पुसायला जेसीने टिश्यूचा डबा दिला. त्यातलं नंतरचं अर्धं हसू नव्हतं, हे आम्हाला दिसलं. पण त्या दिवशी त्यांनीही दहा गोळ्या मारल्या, आणि दहाही कागदाबाहेर गेल्या.

नोटीस संपली. बाकीचे दहा जण नोकऱ्यांचे अर्ज करत सुटले. मॅडमनीही केले, रोज सकाळी अकरापर्यंत. आणि शुक्रवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहायच्या, हातात डबा. माझ्याकडे जुनी गाडी होती आणि त्यांच्याकडे पोहे होते, एवढ्या करारावर आमच्या शुक्रवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. पोह्यांनंतर साबुदाणा वडे आले, थालिपीठं आली. मला नेमबाजीत काडीचा रस नव्हता. मी कँटीनमध्ये बसून खायचो.

मंदीमुळे क्लब ओस पडला होता. एरवी जिथे रांग लागायची तिथे उस्मान एकटा माशा मारत बसलेला असायचा. त्यामुळे तासाभराच्या पैशात मॅडमना अख्खी सकाळ आणि एक अख्खा उस्ताद मिळायचा. पहिल्यांदा मी सवयीने गोळ्यांचा हिशेब दिरहममधून रुपयांत केला. "मॅडम, म्हणजे गोळीमागे एक वडापाव पडला की."

"रुपयात सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "हात थरथरतो."

घरी सराव असायचा तो लबनच्या बाटलीचा. ताकाची एक लिटरची भरलेली बाटली हात सरळ ताठ करून धरायची आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत खाली आणायची नाही. हे बाल्कनीत चालायचं, कारण स्वयंपाकघरात हात ताठ करायला जागा नव्हती. समोरच्या बिल्डिंगमधले एक पठाण चाचा रोज सकाळी ते बघायचे. बाई आपल्याला हात दाखवून सलाम करते असं समजून तेही हात वर करायचे, आणि बाई हात खाली आणत नाही म्हणून तेही आणायचे नाहीत. तीन शिट्ट्या दोघेही तसेच उभे.

"मॉम, प्लीज! पीपल आर वॉचिंग!" मिहिका किंचाळायची.

"बघू देत. त्यांना सांग, खांदा खाली, खांदा खाली!"

मारलेली सगळी टार्गेट्स त्या घरी आणायच्या. प्रत्येकावर तारीख, अंतर, गुण आणि रेव्हिजन नंबर. बॉक्स फाइलवर लिहिलेलं होतं, 'आउटगोइंग'.

आणि ते अर्ध्या श्वासाचं प्रकरण तर घरभर पसरलं. बँकेच्या माणसाचा फोन आला की मॅडम श्वास घ्यायच्या, अर्धा सोडायच्या, थांबायच्या आणि मग "हॅलो" म्हणायच्या. पलीकडच्याला वाटायचं फोन कट झाला. मिहिकाचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी अख्खं कुटुंब कॉम्प्युटरसमोर अर्धा श्वास धरून उभं होतं. मार्क चांगले निघाले. बिवलकरसाहेबांना ठसका लागला.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी मी कँटीनमध्ये थालिपीठ खात होतो, तर दारातून मिस्टर हद्दाद आत आले. एकटे. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्यांनाही काढलं होतं. बायको-मुलांना बैरूतला पाठवून ते रिकाम्या फ्लॅटमध्ये दिवस काढत होते, हे मागाहून कळलं. त्यांनी मॅडमना बघितलं आणि ते तसेच मागे वळले.

"सर!" मॅडमचा आवाज शिक्क्यासारखा बसला. "इकडे या. गरम आहे."

त्यांच्यासमोर थालिपीठ आलं, वर लोण्याचा गोळा. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि खाली मान घालून विचारलं, "मिसेस बिवलकर, आर यू अँग्री विथ मी?"

"सर," मॅडम म्हणाल्या, "रागावलं की गोळी उजवीकडे जाते. मला परवडत नाही."

ते पुन्हा थालिपिठाकडे वळले. मी माझी प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो. अर्ध्या तासाने बघितलं तर चौदा नंबरचं पिस्तूल साहेबांच्या हातात आणि मागे मॅडम, त्यांच्या खांद्याला हात पोचत नाही म्हणून चवड्यांवर उभ्या. "श्वै श्वै, सर. अर्धा. अर्धा सोडा. पूर्ण नाही!" त्या दिवशी साहेबांच्या तीन गोळ्या कागदावर लागल्या. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यानंतर ते बहुतेक शुक्रवारी यायचे. पुढच्या वर्षी त्यांना अबुधाबीत सरकारी कामावर नोकरी लागली आणि महिन्याभरात त्यांचा मॅडमना फोन आला, तिथे येता का म्हणून. माझ्यासमोरच. मॅडमनी ऐकून घेतलं. श्वास. अर्धा. थांबल्या. पलीकडून साहेबही काही बोलले नाहीत. त्यांना आता हे माहीत होतं.

"येते सर," त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारी मला कुणी फोन करायचा नाही."

अशा रीतीने नऊ वर्षांनी नवरा-बायको आठवडाभर एका घरात राहू लागले. शुक्रवारी मात्र दोघे दुबईला यायचे. बिवलकरसाहेबांना फटाक्यांचीही भीती. ते कानात कापूस घालून कँटीनमध्ये माझ्यासमोर बसायचे आणि दर 'टक्'ला डोळे मिचकावायचे. "वाईट सवय नाही म्हणा," ते मला म्हणाले. "माझ्या भावाची बायको भिशी लावते."

आता मॅडमच्या मनात एकच सल उरली होती. चौदा नंबर त्यांचं नव्हतं. आठवडाभर ते कुणीही हाताळायचं, आणि शुक्रवारी त्याची नेम धरायची साइट कुणीतरी हलवून ठेवलेली असायची. "माझं सेटिंग बिघडवतात मेले," त्या उस्मानकडे तक्रार करायच्या. एकदा त्यांनी विचारलंच, की उस्मानभाई, मला स्वतःचं घेता येईल?

उस्मानने मान हलवली. "इथे नाही, ममा. तुमच्यासाठी नाही. खलास."

परतताना मी दोघांना अबुधाबीच्या बसपर्यंत गाडीने सोडायला निघालो. मॅडम म्हणाल्या, "व्हिसा कंपनीचा, घर मालकाचं, पिस्तूल क्लबचं. माझं म्हणायला इथे पोळपाट आहे फक्त." आणि थोड्या वेळाने, "मिरजेला अर्ज करते."

त्यात त्यांच्या सलग तीन सुट्ट्या गेल्या. पहिलीत रायफल क्लबची मेंबरशिप आणि फॉर्म. दुसरीत चौकशी. ती त्यांनी आम्हाला कँटीनमध्ये उभं राहून करून दाखवली. मिरजेत भावाच्या घरी पोलीस आले, गल्लीतली सगळी दारं किलकिली झाली.

"मॅडम, तुम्हाला धोका कुणापासून आहे?"

"कुणापासूनच नाही."

"मग पिस्तूल कशाला?"

"कागदाला मारायला."

पोलिसाने पेन थांबवलं. "तुम्ही दुबईत असता."

"हो."

"दुबईत नेमकं काय करता?"

"कंट्रोलर आहे."

"कसल्या कंट्रोलर?"

"डॉक्युमेंटच्या. कागद येतात, ते पुढे पाठवायचे."

"कुठून येतात? कुणाला पाठवायचे?"

इथे मॅडमच्या भावाला घाम फुटला आणि त्याने मध्ये पडून सांगितलं, "अहो, ती ड्रॉइंगं असतात! बिल्डिंगची!" त्याने चौकशी आणखी लांबली, कारण कुठल्या बिल्डिंगची हे विचारणं आलं. शेवटी मॅडमनी टार्गेट्सची एक फाइल आणली होती ती उघडली. पोलिसाने पहिल्या पानापासून बघायला सुरुवात केली. तारखेवार भोकं, कडेकडून मधे मधे सरकत आलेली. सहाव्या-सातव्या पानावर त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "चहा घेतो जरा," आणि मग "हा आठ होता का हो? नवाच्या रेघेला लागलाय."

"तेच म्हणते मी!" मॅडम म्हणाल्या. "उस्मानभाई ऐकत नाहीत!"

गल्लीत मात्र त्याचं भलतंच झालं. दुबईहून आली, पोलीस येऊन गेले, आता पिस्तूल घेतेय. शेजारचा एक बिल्डर भावाच्या कंपाउंडमध्ये रोज ट्रक लावायचा, त्याने दुसऱ्याच दिवशी ट्रक काढला आणि वर पेढे पाठवले. भावाने घाबरून विचारलं, खरं काय ते सांगू का लोकांना? मॅडम म्हणाल्या, "मी परत जाईपर्यंत नको."

तिसऱ्या सुट्टीत लायसन्स आलं आणि कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या नेमबाजाकडून त्यांनी रीतसर पिस्तूल विकत घेतलं. पॉइंट टू-टू, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. फोटो इतका मोठा करून आणला होता की मला वाटलं मिहिकाच्या लग्नाचं ठरलं. पण पिस्तूल दुबईला आणता येत नव्हतं आणि भावाच्या कपाटात ठेवता येत नव्हतं. ते सांगलीच्या एका परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागलं. वर्षातून तीस दिवस मॅडम त्याला भेटणार.

मग सुरू झाले ते फोन. दर महिन्याला, स्पीकरवर.

"नमस्कार, बिवलकर बोलतेय. कसंय?"

"बरंय मॅडम."

"तेल लावलं?"

"लावलं मॅडम."

"दमट हवा आहे हो तुमच्याकडे. कपड्यात गुंडाळलंय ना? लोकरीच्या नको, घाम धरतं."

"मॅडम," दुकानदार शांतपणे म्हणायचा, "ते झोपलंय. उठवू का?"

एकदा हा फोन चालू असताना तांबे समोर होता. नोकरी गेल्यावर तो गावी गेला होता, पण वर्षभरात दुसऱ्या कंपनीत ड्रायव्हर होऊन परत आला होता, आणि अधूनमधून शुक्रवारी थालिपिठाला यायचा. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, म्हणजे तुमचं पिस्तूल म्हणजे आमची बायकोच झाली की. कागदावर आपली, वर्षाला एक महिना भेट, बाकी फोनवर. बरं आहे ना, जेवलीस ना, हवा कशी आहे."

सगळे हसलो. तांबेही हसला. मॅडम हसता हसता थांबल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक थालिपीठ वाढलं. पुढच्या सुट्टीच्या वेळी त्यांनी साहेबांकडे, म्हणजे हद्दादकडे, शब्द टाकला. तांबे अबुधाबीत त्यांच्या कंपनीत लागला. तिथे फॅमिली व्हिसा मिळत होता. त्याची बायको राजापूरहून आली त्या दिवशी एअरपोर्टवर तिला घ्यायला तांबे, त्याची गाडी आणि बिवलकर मॅडम होत्या. तांबेने श्वास रोखून धरला होता. मॅडम त्याच्या कानाशी म्हणत होत्या, "अर्धा सोड, अर्धा."

बिवलकरसाहेब निवृत्त झाले आणि दोघे मिरजेला परतले. मी अजून दुबईतच आहे, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, बायको-मुलासह. दोन वर्षांनी कोल्हापूरला एका साखरपुड्याला गेलो होतो, तेव्हा वाकडी वाट करून त्यांना भेटायला गेलो. घरी नव्हत्या. भावाने गावाबाहेरचा पत्ता दिला. उसाच्या शेताला लागून पत्र्याची एक लांबुळकी शेड, हीच नेमबाजीची रेंज. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बिवलकरसाहेब, कानात कापूस.

मॅडम आत उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, साडीचा पदर कमरेला खोचलेला. मी मागे थांबलो, हाक मारली नाही. त्यांनी पाच गोळ्या मारल्या आणि कागद ओढून घेतला. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी, पण काळ्या गोलाच्या बरीच डावीकडे.

मला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "बघितलंस? डावीकडे मारतं हे. म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं. दोघा कारागिरांना दाखवलं, आज सरळ धरून बघितलं, तरी जात नाही."

"बदलून घ्या मग."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी अभद्र बोललोय. "वेडा आहेस का? मी उजवीकडे धरते."

चहा झाला, गप्पा झाल्या, मिहिकाच्या कॅनडाच्या गोष्टी झाल्या. गाडी यायची वेळ झाली म्हणून मी निघालो. त्या सोडायला आल्या नाहीत. वीस मिनिटांचा स्लॉट उरलाय म्हणाल्या, वाया नको. मी रस्त्याला लागलो तेव्हा मागून तो आवाज आला. टक्. इतका बारीक, की उसातला एक बगळाही उडाला नाही. मग थोडी शांतता, मग परत टक्. आणि मग पत्र्याच्या शेडमधून मॅडमचं मोठं, मोकळं, खिदळतं हसू आलं. शेतातले सगळे बगळे एकदम उडाले.